सहावा रकाना

रात्रपाळी संपवून कंपनीची बस मला
मार्केट चार रस्त्याला सोडते
तेव्हा दुधाचे क्रेट उतरत असतात.
घरी आलो तर ओट्यावर कप ठेवायला जागा नाही:
खोकल्याच्या औषधाची झाकणं, निरांजनं,
माझी दाढीची वाटी,
आणि पातेल्यात उकळून निपचित पडलेली
सतरा जास्वंदं.
हंसाबेनच्या कुंडीतली.
मंगळवारची, गणपतीला राखलेली.

बाबा, बूट बाहेर, कृत्तिका म्हणाली.
सातवीत आहे.
प्रयोग असला की तिचा आवाज
आमच्या मॅनेजरसारखा होतो.

ड्रॉइंगच्या कागदाच्या पट्ट्या रसात भिजवून
तिनं दोरीवर वाळत घातल्या होत्या
माझ्या बनियनशेजारी, चिमटे लावून.
चार दिवसांच्या मुक्या मारासारख्या जांभळट.

लिंबू लावलं. गुलाबी.
असा गुलाबी की वसुधा म्हणाली,
या रंगाचं ब्लाउजपीस मी मंगळबाजारात सोडून आले होते,
अजून जीव अडकलाय.
ताकानंही तेच केलं, पण लाजत लाजत.
मीठ काहीच बोललं नाही.
खिचूसाठी आणलेला पापडखार पडला मात्र
आणि पट्टी शेवाळासारखी हिरवी.
साबण हिरवा.
माझ्या पोटासाठीचं ते फसफसणारं चूर्ण
फसफस निवेपर्यंत ठरवेचना
कुठल्या बाजूला जायचं.

मी पाणी पीत उभा होतो.
हे काम मी रोज करतो. चौदा वर्षं.
आमच्याकडे जास्वंद नसते, काचेची कांडी असते,
ती टाकीत बुडवली की आकडा उठतो.
मग चुन्याची पोती ओतायची.
पुरतात कधी. कधी पोतीच आलेली नसतात.
रजिस्टरचा सहावा रकाना: बाहेर सोडलेलं पाणी.
त्यात ७ लिहायचं.
माझ्या आधी लेलेकाका लिहायचे.
त्यांचे सात उजवीकडे झुकलेले,
माझे ताठ.

हात दे, ती म्हणाली.
हात नको, बाही.
ओली पट्टी तिनं गणवेशाच्या काठावर दाबून धरली,
ओठ हलवत वीसपर्यंत मोजलं.

गुलाबी.
लिंबाइतकी नाही. ताकाहून कितीतरी जास्त.

काय सांडलंस रे?
घाम असेल, मी म्हणालो.
तिनं नवी पट्टी घेतली,
माझी मान वाकवून मानेला लावली,
परत वीस.
जेमतेम बदलली. खिडकीपाशी नेऊन बघावं लागलं.
घाम नाही, ती म्हणाली, आणि वहीकडे वळली.

वसुधा एकच झाकण पुसत राहिली.

वहीत पट्टीनं रेघा मारलेल्या:
लिंबू, चिंच, बाबाची बाही, ताक.
निरीक्षणाच्या खाली: गुलाबी, गुलाबी, गुलाबी, फिकट गुलाबी.
शेवटच्या रकान्यावर लिहिलं होतं, कारण.
लिंबापुढे तिनं भराभर लिहिलं.
चिंचेपुढे 'वरीलप्रमाणे'.
माझ्यापुढे पेन्सिलीचं टोक नुसतं टेकवलं
आणि ताकावर गेली.

दिवसभर झोपायचं ते झोपलो नाही.
पंखा बघितला. त्याची एक पात जास्त मळलेली आहे.

संध्याकाळी हंसाबेन दारात.
मारां फूल कोण लई गयुं?
माकडं हिंडतात हल्ली, वसुधा सुरू करत होती.
मी म्हणालो, आम्ही.
केटलां?
सतरा, म्हणालो.
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
की आकडा विचारला म्हणून कुणी तो खरा सांगतो का.
मग कृत्तिकाला म्हणाल्या, आवती काले,
मने पण बताव, तारो जादू.

साडेनऊला बसमध्ये बसलो.
धुतलेला गणवेश, कडक इस्त्री.
खिशात डब्याची किल्ली, बिडी न ओढायची शपथ,
आणि एक पट्टी, वाळलेली,
अजून कशालाच न लावलेली.